आधी तार तपासा, मग ड्रायव्हर: मायक्रोलॉजिक्सला लॅपटॉप जोडताना

नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात मी मशीनच्या पॅनेलची सर्व्हिस करते. जुन्या पॅकिंग मशीनवर, कन्व्हेयरवर, पंपाच्या पॅनेलमध्ये अजूनही ॲलन-ब्रॅडलीचा मायक्रोलॉजिक्स १२००, म्हणजे मशीन चालवणारा छोटा पीएलसी कंट्रोलर, भेटतो. आमच्याकडे नव्याने लागलेली मुलंमुली त्याला लॅपटॉप जोडायला बसली की पहिल्यांदा आरएसलिंक्स (लॅपटॉप आणि कंट्रोलरचा संवाद जुळवणारं सॉफ्टवेअर) उघडतात, ऑटो-कॉन्फिगर दाबतात आणि 'फेल्ड टू फाइंड बॉड अँड पॅरिटी' हा निरोप आला की बॉड रेट, म्हणजे संवादाचा वेग, बदलत बसतात. तासभर जातो, प्रॉडक्शनचा माणूस मागे उभा असतो आणि दोष कुठे आहे हे कोणालाच कळलेलं नसतं. त्या निरोपाचा अर्थ एवढाच, की समोरून उत्तर आलं नाही. का आलं नाही, हे आरएसलिंक्सला माहीत नसतं. म्हणून मी लॅपटॉपपासून सुरुवात करून एकेक टप्पा पक्का करत कंट्रोलरपर्यंत जाते. मागचा टप्पा सिद्ध झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

केबल लावण्याआधी एक गोष्ट. मायक्रोलॉजिक्स १२०० चा सिरियल पोर्ट आयसोलेटेड (विजेच्या दृष्टीने वेगळा ठेवलेला) नाही, त्याचा ग्राउंड आतून चॅसिस ग्राउंडशी जोडलेला आहे. पॅनेलचं अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला विचारू नका, स्वतः पाहा. ते पाहून होईपर्यंत लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करा. दोन अर्थिंगमधल्या व्होल्टेजच्या फरकाने सिरियल केबलमधून करंट वाहू लागला तर पोर्ट जातो, कधी लॅपटॉपही जातो.

आता कन्व्हर्टर. आजच्या लॅपटॉपला नऊ पिनचा पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबी कन्व्हर्टर आलाच. तो लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' उघडा. तिथे पिवळा त्रिकोण असेल तर प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. व्हीआयडी (बनवणाऱ्या कंपनीचा आकडा) ०४०३ असेल तर चिप एफटीडीआयची, ०६७बी असेल तर प्रॉलिफिकची, १ए८६ असेल तर सीएच३४० ची. वरच्या प्लास्टिकवर काय छापलंय यापेक्षा हा आकडा खरा. प्रॉलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिपला नवा ड्रायव्हर चालत नाही, 'कोड १०' दाखवून थांबतो. त्यावर इंटरनेटवरून कुठला तरी जुना ड्रायव्हर शोधून टाकत बसण्यापेक्षा दुसरा कन्व्हर्टर घ्या. माझ्या बॅगेत एफटीडीआयचे दोन असतात.

पोर्टचा नंबर लिहून ठेवा. तोच कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की विंडोज बऱ्याचदा नवा नंबर देते, आणि आरएसलिंक्सचा ड्रायव्हर मात्र जुन्याच नंबरावर उत्तराची वाट पाहत राहतो. कन्व्हर्टर रोज एकाच खाचेत लावायची सवय लावा. सॉफ्टवेअर जुन्या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल, तर यूएसबी उपकरण त्या मशीनच्या ताब्यात दिलंय का तेही आत्ताच बघा.

पुढची चाचणी मी कधीच वगळत नाही. कन्व्हर्टरच्या पिन २ आणि ३ एका बारीक तारेने जोडा. पुटी किंवा टेरा टर्म अशा टर्मिनल प्रोग्राममध्ये तो पोर्ट उघडा, फ्लो कंट्रोल 'नन' ठेवा आणि काहीतरी टाइप करा. अक्षरं परत उमटली आणि तार काढल्यावर उमटायची थांबली, तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर तिन्ही निर्दोष. तार काढूनही उमटत असतील तर टर्मिनलचा लोकल एको चालू आहे, तो बंद करून पुन्हा बघा. पोर्ट उघडतच नसेल, तर दुसऱ्या कोणीतरी तो धरून ठेवलाय. बहुतेक वेळा तो 'कोणीतरी' आरएसलिंक्सच असतो, कारण खिडकी बंद केली तरी तो खाली ट्रेमध्ये चालूच राहतो. फाइल मेनूतून 'एक्झिट अँड शटडाउन' करा. आणि चाचणी झाली की टर्मिनल बंद करा, नाहीतर मघाचीच अडचण उलट बाजूने येईल.

त्यानंतर मल्टिमीटर. टर्मिनलमध्ये पोर्ट उघडलेला असताना कन्व्हर्टरच्या पिन ५ वर काळा आणि पिन ३ वर लाल प्रोब ठेवा. काही पाठवत नसताना तिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. शून्य किंवा अधिक ३-५ व्होल्ट दिसले तर तो कन्व्हर्टर खऱ्या आरएस-२३२ (सिरियल पोर्टचं प्रमाण) पातळीचा नाही, किंवा बिघडलाय.

केबल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मूळ केबल १७६१-सीबीएल-पीएम०२, एका टोकाला आठ पिनचा गोल मिनी-डिन. आपल्याकडे ती बऱ्याचदा स्थानिक बनवलेली मिळते. चांगली बनवलेली असेल तर चालते, पण मल्टिमीटरवर कंटिन्युइटी (तार सलग आहे का ते) बघूनच वापरा. नऊ पिनच्या बाजूची २ मिनी-डिनच्या ७ ला, ३ ही ४ ला आणि ५ ही २ ला जायला हवी. मिनी-डिनच्या पिन १ वर २४ व्होल्ट असतात, ती तार लॅपटॉपकडे येता कामा नये. केबल हलवत मोजा. तुटलेली तार नेमकी मिनी-डिनच्या मानेपाशी असते, कारण लोक प्लग न धरता केबल ओढतात.

हे सगळं बरोबर असेल तेव्हा कुठे कंट्रोलरकडे वळायचं. चॅनेल ० चं, म्हणजे त्याच्या सिरियल पोर्टचं, सेटिंग कोणीतरी बदललेलं असू शकतं. तो पोर्ट मॉडबस आरटीयू या दुसऱ्या प्रोटोकॉलवर (संवादाच्या भाषेवर) ठेवला असेल तर आरएसलिंक्सच्या डीएफ१ प्रोटोकॉलने कितीही हाका मारा, ओ मिळणार नाही. यासाठी १२०० च्या पुढच्या भागावर कम्युनिकेशन टॉगलचं बटण आहे. ते सेकंदभर दाबून धरा. डीकॉम दिवा लागला की पोर्ट मूळ सेटिंगवर आला: डीएफ१ फुल डुप्लेक्स, १९२००, पॅरिटी नाही, चूक तपासायला सीआरसी, नोड १. पण त्याच पोर्टवर ऑपरेटरचा डिस्प्ले किंवा दुसरं काही चालत असेल, तर त्याचा संवाद या बटणाने तुटू शकतो. म्हणून मशीन थांबवून, शिफ्टच्या माणसाला सांगूनच दाबा, आणि काम झाल्यावर पुन्हा दाबून दिवा विझवा.

आरएसलिंक्समध्ये 'आरएस-२३२ डीएफ१ डिव्हायसेस' ड्रायव्हर घ्या, पोर्टचा लिहून ठेवलेला नंबर द्या, डिव्हाइस 'एसएलसी-सीएच०/मायक्रो/पॅनेलव्ह्यू' निवडा आणि आता ऑटो-कॉन्फिगर दाबा. त्या क्षणी कंट्रोलरवरच्या कॉम ० दिव्याकडे बघा. तो लुकलुकला म्हणजे कंट्रोलर उत्तर पाठवतोय. तरीही लॅपटॉपवर काही येत नसेल तर पिन २ ची परतीची तार तपासा. दिवा ढिम्म असेल तर तुमचा प्रश्न तिथवर पोचतच नाहीये, पिन ३ ची तार बघा.

जोडणी होते पण मध्येच तुटते, अशा वेळी कन्व्हर्टर एफटीडीआयचा असेल तर पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे देण्याआधी चिप थांबते तो वेळ) १६ वरून २ मिलिसेकंदांवर आणा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सस्पेंडही बंद करा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाल्यावरच तुटत असेल तर केबल मोटरच्या केबलपासून लांब न्या.

ऑनलाइन गेलात की काहीही बदलण्याआधी प्रोग्राम अपलोड करून तारखेसह सेव्ह करा. चॅनेल ० चं सेटिंग कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. रात्रपाळीत ते पॅनेल उघडणारा मेंटेनन्सवाला दुसराच कोणीतरी असतो, त्याला ते शोधावं लागू नये.