फिडोनेटवर गायब होणारे संदेश: माझा अनुभव

फिडोनेट म्हणजे एकमेकांना संदेश पोहोचवणाऱ्या संगणकांचं जुनं नेटवर्क; त्यातला प्रत्येक संगणक म्हणजे नोड. माझ्या नोडवरून एकदम बरेच संदेश पाठवले की काही पुढच्या नोडवर पोहोचतच नव्हते. तिथला टॉसर, म्हणजे आलेले संदेश वाटून लावणारा प्रोग्रॅम, त्यांना डुप्लिकेट ठरवून फेकत होता.

संदेशांची फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. एमएसजीआयडीच्या (संदेशाची ओळख सांगणाऱ्या) ओळीत आधी पत्ता, मग आठ हेक्स (सोळा-आधारी) अंकांचा अनुक्रमांक असतो. लागोपाठच्या दोन संदेशांचा अनुक्रमांक अगदी सारखा! संदेश बनवणारा माझा प्रोग्रॅम थेट घड्याळातले सेकंद वापरत होता आणि दोन्ही संदेश एकाच सेकंदात बनले होते.

एफटीएस-०००९ हे फिडोनेटचं मानक सांगतं की एका सिस्टिमवरून ३ वर्षांत तोच क्रमांक पुन्हा येऊ नये. पण तो बनवायचा कसा, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. मला ही ढिलाई खटकते. एकाच नोडवरचे दोन प्रोग्रॅम आपापल्या परीने नियम पाळूनही एकमेकांशी टक्कर घेऊ शकतात.

शेवटचा क्रमांक आता एका सामाईक फाइलमध्ये ठेवतो. फाइल लॉक करायची, सध्याचे सेकंद त्याहून मोठे असतील तर तेच घ्यायचे, नाहीतर शेवटच्या क्रमांकात १ मिळवायचा, आणि संदेश बाहेर पडण्याआधी नवा क्रमांक लिहून ठेवायचा. घड्याळ मागे गेलं तरी क्रमांक मागे जात नाही.

उत्तरातल्या रिप्लायच्या ओळीत मात्र मूळ संदेशाची एमएसजीआयडी जशीच्या तशी उतरवा, अक्षरं लहानमोठी करू नका. नाहीतर उत्तर मूळ संदेशाशी जोडणारा धागा तुटतो.