फौजीच्या घरच्यांनो, हक्काचं आहे ते सरकारकडून असं मिळवा

फौजी बॉर्डरवर असतो आणि कागद काढायला इकडं बायको नाहीतर म्हातारे आईवडील फिरत असतात, म्हणून हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. पेन्शन, फॅमिली पेन्शन, डिसॅबिलिटी पेन्शन हा हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं १९८२ च्या नकारा केसमध्येच सांगून टाकलंय की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही. मुलांच्या शिक्षणाची मदत, मुलीच्या लग्नाची मदत या योजना आहेत, त्यांना रँकची अट असते, मुदत असते, अर्ज उशिरा गेला तर हातातून जातं. म्हणजे योजनेसाठी घाई करा, आणि हक्कासाठी कितीही वर्षं झाली असली तरी सोडून देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नावं. आपल्याकडं लग्नात बायकोचं नाव बदलतात, मग डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत स्पेलिंग तिसरंच, आणि हे उघडकीला कधी येतं तर तो गेल्यावर, जेव्हा त्या बाईच्या अंगात उभं राहायचं त्राण नसतं तेव्हा तिला ॲफिडेव्हिट करत फिरावं लागतं. नोकरीत असतानाच युनिटच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डमध्ये घरच्यांची अधिकृत नोंद) करून घ्या, बायकोचं नाव, जन्मतारीख, प्रत्येक मुलाची नोंद, सगळं. रिटायर झाला असेल तर त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (जिथं सैनिकांची कागदपत्रं ठेवतात) लिहायचं, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या वेबसाईटवर, लॉगिन करून तिथं कोणाचं नाव कसं दिसतंय तेही आजच बघा, आणि दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका, पेन्शन थांबते.

बाकी बहुतेक कामांचा रस्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. तिथं माजी सैनिकाचं किंवा विधवेचं ओळखपत्र काढलं की पुढचं सोपं होतं. माजी सैनिकांच्या मुलामुलींची पंतप्रधान स्कॉलरशिप (मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,०००) त्यांच्याकडूनच पुढं जाते. राज्यात एका घराची घरपट्टी माजी सैनिकाला आणि सैनिकाच्या विधवेला माफ आहे, २०२० पासून, पण आपोआप होत नाही, या ऑफिसचा दाखला घेऊन ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत अर्ज द्यावाच लागतो. कित्येक घरं अजून भरतायत, वाईट वाटतं बघून.

जमिनीचा वाद, हा तर गावोगावचा. भाऊबंद नेमका फौजी ड्युटीवर असताना दावा टाकतात. तर भारतीय सैनिक (खटले) कायदा १९२५ चा आहे, फौजी युद्धात किंवा सरकारनं ठरवलेल्या खास परिस्थितीत ड्युटीवर असेल आणि हजर राहू शकत नसेल तर दिवाणी आणि महसुली केस थांबवण्याची तरतूद त्यात आहे. फौजीनं आपल्या सीओकडून (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडून) कलेक्टरला पत्र पाठवायला सांगायचं, कलेक्टर कोर्टाला तसा दाखला देऊ शकतो. वकील परवडत नसेल तर २६ जुलै २०२५ ला नाल्सानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केलीय, सैनिक बोर्डातच, म्हणजे सैनिक कल्याण कार्यालयातच, लीगल क्लिनिक, तिथं विचारा.

डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली असेल तर कारण लेखी मागा. भरतीच्या वेळी फिट होता, कागदावर कुठलाही आजार लिहिलेला नव्हता आणि नंतर आजारपणामुळं बाहेर काढलं, तर तो आजार नोकरीमुळं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारवर येते, धरमवीर सिंग केस, २०१३. नियम २०२३ ला बदललेत, पण आधी सुटलेल्यांनी हा मुद्दा अपिलात घालाच. अपीलही फेटाळलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं वेगळं न्यायालय, त्याचं एक बेंच मुंबईत आहे. तिथं साधारण सहा महिन्यांत जावं लागतं, पेन्शनच्या बाबतीत उशीर माफ होतो पण मग मागची थकबाकी बहुतेक तीनच वर्षांची मिळते, म्हणून थांबू नका.

आणि कुठल्याही ऑफिसात तोंडी "बघतो ताई" वर परत येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपा. महिना दोन महिने गप्प बसले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, माझ्या अर्जावर काय कारवाई झाली एवढंच विचारायचं, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.