मरळीसाठी फोमचा बेडूक, शिवड्यासाठी चमचा: घरी आमिष बनवताना

आमिषाच्या रंगावर गप्पा भरपूर होतात, पण गढूळ तळ्यात मासा आधी हालचाल ओळखतो. ती हालचाल ठरते वजन कुठे बसवलं, कडी कुठे लावली आणि गळ केवढा लावला यावर. खानापूर-बेळगाव भागातली गवताळ तळी आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा फुगवटा डोळ्यांसमोर ठेवून इथली मापं दिली आहेत.

फोमचा बेडूक

मरळ जलपर्णीच्या आणि गवताच्या आडोशाला दबा धरून बसते. तिथे उघडा गळ टाकला तर मासा लागायच्या आधी गवतच लागतं. त्यामुळे बेडूक तरंगणारा हवा आणि गळाची टोकं पाठीवर झोपलेली हवीत.

पहिली चूक फोम निवडतानाच होते. जुन्या हवाई चपलेचा तळ फुकट मिळतो, तरंगतो आणि कापायला सोपा, म्हणून बरेच जण तोच घेतात. पण तो कडक. मरळीने तोंड मारलं तरी दबत नाही, टोकं उघडी पडत नाहीत आणि ती आमिष थुंकून निघून जाते. व्यायामाच्या चटईचा मऊ ईव्हीए फोम घ्या. अंगठ्याने दाबला की निम्म्यापर्यंत दबला पाहिजे आणि सोडताच पूर्ववत झाला पाहिजे. चटई पातळ असेल तर दोन-तीन थर चिकटवून जाडी करा. थर्माकोलच्या नादी लागू नका. त्याचा चुरा होतो आणि चपला चिकटवायचं सोल्युशन त्याला खाऊन टाकतं.

एका बेडकाला ५५ मिमी लांब, २५ रुंद आणि २० मिमी जाड फोम लागतो. सोबत लांब दांडीचा, दोन काट्यांचा २/० किंवा ३/० नंबरचा गळ, ४ ग्रॅम शिसं आणि चपला शिवणारे वापरतात ते सोल्युशन. फोम कापायच्या आधी गळ त्याच्या कडेला धरून माप घ्या. गळाचं नेढं नाकातून ३ मिमी बाहेर यावं, वाक शेपटीला यावा आणि दोन्ही टोकं पाठीला नुसती टेकावीत. टोकं फोममध्ये रुतली तर मासा लागत नाही आणि वर उचलली गेली तर गवत गोळा होतं. मागचा भाग निमुळता कापत कापत हे जुळवावं लागतं. इथे घाई केली की बेडूक वायाच जातो.

आता पोटाच्या बाजूने मधोमध, नाकापासून शेपटीपर्यंत नव्या ब्लेडने चीर द्या. शिशाची पातळ पट्टी गळाच्या दांडीवर मागच्या तिसऱ्या भागात घट्ट गुंडाळा. वजन मागे असलं की बेडूक नाक वर करून बसतो, टाकल्यावर पालथा पडत नाही आणि लांबही जातो. तेच वजन पुढे आलं तर नाक बुडतं आणि प्रत्येक ओढीला शेवाळ घेऊन येतं. शिसं घरात वितळवू नका. धूर विषारी असतो, आणि साच्यात ओलावा राहिला तर तापलेलं शिसं अंगावर उडतं. पट्टी कापायला सोपी आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

सोल्युशन चिरेच्या दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही, अशा वेळी गळ बसवून दाबा. ओलं असताना दाबलं तर चार-पाच फेकांत चीर उकलते. वरून दोरा गुंडाळून एक दिवस ठेवा, मग दोरा सोडा.

मागचे पाय म्हणून जाड सुईने लोकरीचे किंवा रबराच्या धाग्याचे ६ सेंटिमीटरचे दोन झुपके ओवा. दोन्ही सारख्या लांबीचे ठेवा, नाहीतर बेडूक एकाच अंगाला वळत राहतो. रंगासाठी पक्का मार्कर पुरे. ऑइल पेंट फोम दबला की पापुद्र्यासारखा सुटतो.

पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला, तर तिथे बेडूक टाकू नका. मरळीची जोडी पिल्लांची राखण करत खालीच असते आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते. तिला उचललं की पुंजक्यातली पिल्लं इतर मासे फस्त करतात.

चमचा

उघड्या, वाहत्या पाण्यात शिवडा या माशासाठी चमचा उत्तम. चहाचा स्टीलचा चमचा घेऊन दांडी मुळातून कापा आणि कडा कानशीने, मग पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. धारदार कड तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कापते. दोन्ही टोकांना काठापासून ४ मिमी आत, अडीच मिमीचं भोक पाडा. स्टीलला भोक पाडताना आधी पंचने खूण, मग ड्रिल कमी वेगात, तेलाचा थेंब टाकून, चांगला दाब देऊन चालवा. वेग जास्त आणि दाब कमी झाला की स्टील जागेवरच कडक होतं आणि बिट नुसतं घासत बसतं. घरी जमत नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. तिथेच १ मिमीचा पितळी पत्रा मिळाला तर सोडू नका. पावसाच्या तांबड्या पाण्यात पितळ उपयोगी पडतं, निवळशंख पाण्यात स्टील.

दोरा निमुळत्या टोकाला, गळ रुंद टोकाला. दोन्हीकडे स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची रिंग) घाला, पुढच्या रिंगला स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. मागे तीन काट्यांचा ४ नंबरचा गळ. यापेक्षा मोठा लावला तर त्याच्या वजनाने चमच्याचं डुलणं मरतं. चमचा डुलण्याऐवजी गरगर फिरत असेल तर खोलगटपणा जास्त आहे. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने थोडा चपटा करा. फिरणारा चमचा दोऱ्याला पीळ घालतो आणि रीळवर गुंता होतो. शिवड्याचे दात तंगूस तोडतात, तेव्हा पुढे १५ ते २० सेंटिमीटर स्टीलची तार हवीच.

जरीचा जिग

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर बांधलेलं आमिष. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवर रेशमाचे आणि जरीचे तुकडे उरतात. ५ ग्रॅम शिशाचं डोकं असलेल्या गळाच्या दांडीवर कोंबड्याच्या मानेची चार पिसं आणि जरीचे सहा-सात धागे ठेवून रेशमाने घट्ट आवळा, वर नेलपॉलिश. जरी यापेक्षा जास्त घातली की पिसं दबतात आणि पाण्यात हलत नाहीत.

लाकडी मासोळी

फिनलंडचा मच्छीमार लौरी रापाला याने १९३६ मध्ये आपली मासोळी बुचातून (कॉर्क) कोरली, वर चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून तिचा लेप दिला. आपल्याकडे पांगाऱ्याचं लाकूड तसंच हलकं असतं. ते पूर्ण वाळलेलं घ्या आणि लाखेचे किंवा इपॉक्सीचे तीन हात द्या. पाणी शिरलं की लाकूड फुगून लेप तडकतो. पुढची जीभ, म्हणजे तोंडाखालची पट्टी, जुन्या सीडीतून कापा. जीभ जितकी उभी तितकी मासोळी वरून चालते. अंगाच्या रेषेत आडवी केली की खोल जाते.

फेकण्याआधी प्रत्येक आमिष विहिरीच्या पायरीवरून किंवा कालव्याच्या काठावरून हातभर दोऱ्याने ओढून बघा. मासोळी डावीकडे पळत असेल तर पुढची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वळवा, पुन्हा ओढा. एकदम जास्त वळवली तर ती दुसऱ्या बाजूला पळायला लागते.