ग्वाटेमालाची आंतिग्वा ते आतितलान टूर करताय? या चुका टाळा

ग्वाटेमालाची कल्चरल टूर म्हटली की बहुतेक ऑपरेटर एकच मार्ग देतात, आधी आंतिग्वा, मग डोंगरात वर चिचिकास्तेनांगो, मग आतितलान तलावाकाठची गावं, आणि दिवस उरले तर केत्साल्तेनांगो, ज्याला तिथे सगळे शेला म्हणतात. मार्ग मस्तच आहे. पण परत आलेल्या लोकांच्या तक्रारी ऐका, बाजार बघायलाच मिळाला नाही, चर्चच्या दारातून मागे फिरवलं, फोटो काढला म्हणून बाई ओरडली, गाईडने नुसतं दुकानांतून फिरवलं. यातल्या जवळपास सगळ्यांचं मूळ एकच असतं, टूर आपल्या सुट्टीच्या हिशोबाने आखलेली असते आणि त्या गावांचे बाजाराचे वार, पूजेच्या वेळा, कामाचे तास कोणी बघितलेलेच नसतात. तिथे लोक राहतात, आपण त्यांच्या आठवड्यात जाऊन बसायचं असतं, एवढं डोक्यात ठेवून प्लॅन केला तर निम्मे घोळ होतच नाहीत.

वार न बघता बुकिंग करणे

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक. चिचिकास्तेनांगोचा मोठा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, बस. सोमवारी गेलात तर एक साधं डोंगरी गाव दिसेल, आणि मग लोक म्हणतात की एवढं नाव ऐकलं होतं पण काही खास नाही. तलावाजवळच्या सोलोलाचा बाजार मंगळवार आणि शुक्रवारचा, आणि तो बघण्यासारखा आहे कारण तिथे टुरिस्ट फार कमी, आसपासच्या गावची माणसंच आपापल्या पोशाखात भाजी, कोंबड्या घ्यायला आलेली असतात. शेलाजवळच्या सान फ्रान्सिस्को एल आल्तोला गुरांचा मोठा बाजार शुक्रवारी. म्हणजे प्लॅन करताना आधी चिचीचा (चिचिकास्तेनांगोला थोडक्यात चिची म्हणतात) वार पक्का करा आणि बाकीचे दिवस त्याच्या पुढे मागे लावा, ऑपरेटरने उलटं केलं असेल तर बुकिंगच्या आधीच बदलून मागा, नंतर ते ऐकत नाहीत.

जमलं तर चिचीला आदल्या रात्री मुक्काम करा. आंतिग्वाहून चिची अडीच ते तीन तास, त्यात लोस एन्कुएन्त्रोसचा फाटा सोडल्यावर रस्ता इतका वळणाचा आहे की ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसावं. सकाळी निघालेल्या टुरिस्टांच्या गाड्या पोचेपर्यंत बाजार अर्धा आपल्यासारख्यांचाच झालेला असतो. आदल्या संध्याकाळी मात्र माणसं पाठीवर गाठोडी घेऊन येतात, बांबू आणि दोऱ्या लावून दुकानं उभी करतात, आणि पहाटे खरी खरेदी विक्री सुरू होते. बंदिस्त इमारतीतलं भाजी मार्केट चुकवू नका, वरच्या गॅलरीतून खाली बघा, कांद्याच्या गाजराच्या राशींमधून नुसते रंगीत पोशाख फिरताना दिसतात.

सणांचंही हेच. होली वीकला म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आंतिग्वाच्या रस्त्यांवर रंगीत भुशाचे आणि फुलांचे गालिचे घालतात आणि मग मिरवणूक त्यावरूनच जाते, 1 नोव्हेंबरला सुम्पांगो आणि सान्तियागो साकातेपेकेसला घरापेक्षा उंच पतंग उभे राहतात, 21 डिसेंबरला चिचीचा सान्तो तोमासचा उत्सव. या तारखा धरून जायचं असेल तर हॉटेल काही महिने आधी घ्या. आणि होली वीकला आंतिग्वात गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येईल हे गृहीत धरू नका, रस्ते बंद असतात, सामान उचलून चालायची तयारी ठेवा.

समोरच्या पायऱ्यांवरून चर्चमध्ये शिरणे

चिचीचं सान्तो तोमास चर्च 1540 च्या दशकातलं, आणि ते इथल्या मूळ माया लोकांच्या जुन्या पूजास्थानाच्या चौथऱ्यावर उभं आहे. समोर 18 पायऱ्या आहेत, माया कॅलेंडरमधल्या 20 दिवसांच्या 18 महिन्यांची एकेक. चिचीच्या किचे या माया लोकांसाठी त्या पायऱ्या हेच पूजेचं ठिकाण आहे. सकाळी तिथे कोपालचा म्हणजे झाडाच्या डिंकाच्या धुपाचा धूर असतो, भोकं पाडलेल्या डब्यात निखारे घालून तो डबा झुलवत एखादा म्हातारा पुटपुटत उभा असतो, खाली बायका फुलं घेऊन बसलेल्या असतात. आणि नेमकं तिथूनच कोणीतरी सेल्फी स्टिक घेऊन धडाधड वर चढतं. करू नका. बाहेरच्या लोकांनी बाजूच्या दाराने आत जायचं आणि आत फोटो अजिबात काढायचे नाहीत. आत जमिनीवर मेणबत्त्या, पाकळ्या, कुठे दारूचे थेंब शिंपडलेले दिसतील, ती त्या घरची पितरांसाठीची पूजा आहे, ओलांडून जाऊ नका, वळसा घाला. कोणी अडवलं तर वाद न घालता हसून बाजूला व्हा आणि थोड्या वेळाने बाजूच्या दाराने जा, सहसा काही अडचण येत नाही.

तलावाकाठच्या सान्तियागो आतितलान गावातल्या माशिमोन या लोकदैवताबद्दलही सांगायलाच हवं. लाकडी मुखवटा, अंगावर रुमालांचे थर, डोक्यावर हॅट, तोंडात सिगार, समोर दारू आणि मेणबत्त्या. तो एका घरात असतो आणि ते घर दरवर्षी बदलतं, कोफ्रादिया म्हणजे तिथल्या धार्मिक मंडळाचे लोक त्याची सेवा करतात. टूरवाले त्याला गंमत म्हणून विकतात, सिगारेट ओढणारा देव वगैरे, आणि मग ग्रुप आत जाऊन खिदळतो. ते फार वाईट दिसतं हो. समोर कोणीतरी आजारी मुलासाठी नवस बोलत बसलेलं असतं. आत जायचे आणि फोटोचे थोडे पैसे द्यावे लागतात, ते आधी विचारा, देऊन टाका, आणि कोणाची पूजा चालू असेल तर कॅमेरा खाली.

फोटोचा हट्ट

ही चूक नुसती शिष्टाचाराची नाहीये. एप्रिल 2000 मधे तोदोस सान्तोस कुचुमातान या डोंगरातल्या गावात परदेशी लोक मुलं पळवतात अशी अफवा पसरली होती, आणि बाजारात मुलांचे फोटो काढण्यावरून भडकलेल्या जमावाने एका जपानी पर्यटकाला आणि ग्रुपच्या बस ड्रायव्हरला ठार मारलं. इतकं टोकाचं रोज होत नाही, हजारो लोक शांतपणे फिरून येतात. पण 1960 ते 1996 इतकी वर्षं या देशात यादवी युद्ध चाललं, सर्वात जास्त मारले गेले ते याच डोंगरातले माया लोक, अख्खी गावं जाळली गेली, आणि ते बघितलेली माणसं आजही त्याच बाजारात बसलेली असतात. अनोळखी माणसाने लांबून कॅमेरा रोखला की त्यांना काय वाटत असेल याचा आपण विचार करायचा.

म्हणून मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, मुलांना उचलून घेऊ नका, चॉकलेटं वाटू नका. मोठ्यांना आधी बुएनोस दीआस म्हणा, मग पुएदो तोमार ऊना फोतो असं विचारा, नाही म्हटलं तर ग्रासिआस म्हणून पुढे. काही जण पैसे मागतात, द्यायचे नसतील तर फोटो काढू नका, काढून झाल्यावर घासाघीस नको. आणि कोणी चिडलंच तर लगेच कॅमेरा खाली घ्या, दिस्कुल्पे म्हणून माफी मागा, त्यांच्या समोर फोटो डिलीट करून दाखवा आणि गाईडला बोलवा. आवाज चढवायचा नाही.

विणकाम बघायचं सोडून फक्त भाव पाडणे

मला विचाराल तर या टूरमधली सगळ्यात श्रीमंत गोष्ट हीच, आणि लोक हिला वीस मिनिटं देतात. तलावाकाठच्या सान हुआन ला लागुनाला किंवा आंतिग्वाजवळच्या सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेसला कमरेच्या मागावर बसलेली बाई नीट बघा. मागाचं एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा पट्टा तिच्या कमरेमागून घेतलेला, ती गुडघ्यावर बसते आणि थोडी मागे रेलली की ताणे ताठ होतात, पुढे झुकली की सैल. म्हणजे तिचं अंग हाच मागाचा अर्धा भाग. नक्षीचा एकेक रंगीत धागा बोटाने उचलून घालते, मग लाकडी पट्टीने ठोकते, आणि हे सगळं शेजारणीशी बोलता बोलता. अशा उईपिलला म्हणजे बायकांच्या पारंपरिक ब्लाऊजला कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर महिने लागतात. नक्षीवरून बाई कुठल्या गावची ते कळतं.

आता चूक कुठे होते, तर बाजारात त्याच नक्षीचं प्रिंट मारलेलं किंवा मशीनचं कापड स्वस्तात मिळतं आणि लोक तो भाव धरून हाताच्या कामाचा भाव पाडायला बसतात. ओळखायचं कसं, कापड उलटं करून बघा, प्रिंट असेल तर मागची बाजू फिकी पांढरट. कमरेच्या मागावरचं कापड अरुंद असतं त्यामुळे उईपिल दोन किंवा तीन पट्टे जोडून शिवलेला असतो, आणि पट्ट्याच्या चारही कडा विणूनच पक्क्या झालेल्या असतात, कापलेली कड नसते. सान हुआनमधे बायकांच्या सहकारी संस्था आहेत, नैसर्गिक रंग कसे काढतात ते दाखवतात, तिथे घेतलं तर पैसे विणणारीच्या जवळ जास्त पोचतात. बाजारात थोडी घासाघीस चालतेच, पण अर्ध्याहून खाली मागणं सोडा.

गाईडबद्दल काही न विचारणे

ग्वाटेमालात अधिकृत गाईडकडे पर्यटन संस्था इन्ग्वातचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागा, कोणी रागावत नाही. पण त्याहून मोठा प्रश्न भाषेचा. देशात 22 माया भाषा आहेत, चिचीला किचे, तलावाच्या सान्तियागो, सान हुआन, सान पेद्रो या बाजूला त्सुतुहिल, पानाहाचेलच्या बाजूला काक्चिकेल. आंतिग्वाचा उत्तम इंग्रजी बोलणारा गाईड सान्तियागोच्या आजीशी बोलूच शकत नाही असं सहज होतं. म्हणून बुकिंग करताना सरळ विचारा की गावात स्थानिक गाईड असणार का, ग्रुप किती जणांचा, आणि दिवसात दुकानांचे थांबे किती. गाईड दुकानांतच रमायला लागला तर पहिल्याच दिवशी शांतपणे सांगा, शेवटच्या दिवशी रिव्ह्यूमधे लिहून तुमचा वेळ परत येत नाही.

आंतिग्वा अर्ध्या दिवसात उरकणे

एअरपोर्टवरून आले, पिवळ्या सान्ता कातालिना कमानीखाली फोटो, कॉफी, आणि निघाले. अरे, हे शहर 1543 पासून या जागेवर आहे! आधीची राजधानी 1541 मधे आग्वा ज्वालामुखीवरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने गाडली म्हणून इथे आले, मग 1773 च्या भूकंपांनी हेही मोडलं आणि 1776 मधे राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीला हलवली. हलवली म्हणूनच ते पडके मठ, छप्पर उडालेलं कॅथेड्रल तसंच राहिलं. 1979 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. किमान दोन पूर्ण दिवस द्या, कापुचिनासचा मठ आणि सान्ता क्लाराचे अवशेष सकाळी बघा. चाकांची बॅग दगडी रस्त्यावर चालत नाही, पाठीवरची घ्या, आणि सपाट जाड तळव्याचे बूट.

तलावावर दुपारी निघणे

आतितलानवर दुपारी शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि लाटा चांगल्याच उसळतात. लांचा म्हणजे छोटी मोटरबोट असते, पुढच्या बाकावर बसलात तर कंबर धरलीच समजा. सकाळी लवकर निघा, मागे बसा, लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारून ठेवा. एका दिवसात पाच गावं करू नका, दोन पुरेत.

बाकी थोडक्यात. पैसे केत्सालमधे लागतात, छोट्या गावात एटीएम असेलच असं नाही, आंतिग्वा किंवा पानाहाचेलला काढून घ्या, छोट्या नोटा जवळ ठेवा, डॉलरची नोट जरा फाटकी असली तरी घेत नाहीत. नळाचं पाणी पिऊ नका. शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा की काळ्या राजम्यासारख्या फ्रिहोलेसमधे बऱ्याचदा डुकराची चरबी असते, नुसतं सिन कार्ने (मांस नको) सांगून भागत नाही, सिन मान्तेका (चरबी नको), सिन पोयो (चिकन नको) असं वेगळं सांगा. पाऊस मे ते ऑक्टोबर. शेला 2300 मीटरच्या वर आहे, डिसेंबर जानेवारीत रात्री हाडं गोठतात, स्वेटर लागणारच. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिकीट काढायच्या आधी बघा.

आणि शेवटचा दिवस. डोंगरातून येणारा मुख्य रस्ता आंदोलनात बंद पडतो, ऑक्टोबर 2023 मधे तर देशभर आठवडेच्या आठवडे रस्ते अडवलेले होते, पावसात दरडी येतात ते वेगळंच. त्यामुळे तलावावरून थेट फ्लाइटला जायचा प्लॅन ऑपरेटरने दिला असेल तर नाही म्हणा. आदली रात्र आंतिग्वात काढा, तिथून ला आउरोरा एअरपोर्ट साधारण 40 किलोमीटर आहे पण सकाळच्या ट्रॅफिकमधे दोन तासही लागतात. रस्ता अडलाच तर ड्रायव्हरला आडवाटेने जायचा आग्रह करू नका, त्या रस्त्यांची माहिती त्याला असते, त्याने थांबू म्हटलं तर थांबा, आणि एअरलाइनला तिथूनच फोन लावा.