बरगडी, माती आणि सीए रिपोर्ट

पुरलेल्या सांगाड्याची पहिली केस टेबलावर आली, तेव्हा सवयीने मी बरणी शोधत होते. एरवी जठर, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात येतात. इथे सीलबंद डब्यात दोन बरगड्या, एक मणका, केसांचा झुपका आणि मातीच्या तीन पुड्या.

टॉक्सिकोलॉजीत, म्हणजे विषशास्त्रात, येणार असाल तर आधी त्या पुड्या मोजायला शिका. तहसीलदारांसमोर उकरताना सांगाड्याखालची, बाजूची आणि जरा लांबची माती वेगवेगळी घ्यावी लागते. आर्सेनिक जमिनीत मुळातच असतं आणि ओलीबरोबर हाडांत, केसांत मुरतं. लांबच्या पुडीतही ते तेवढंच निघालं, तर विषप्रयोगाचा संशय तिथेच लंगडा पडतो.

नवखे मांडीचं भक्कम हाड मागतात. मी बरगडी किंवा मणका घेते. आतून जाळीदार, जिवंतपणी रक्त भरपूर खेळलेलं.

मग धुणं. आधी ब्रश, मग पाणी, शेवटी मिथेनॉल. शेवटचं धुवण जपून ठेवायचं आणि तेही तपासायचं. सरावाला मी मटणाच्या दुकानातून बोकडाच्या बरगड्या आणल्या होत्या. छान धुतल्या आणि धुवण बेसिनमध्ये ओतलं. सर म्हणाले, "औषध हाडाच्या आतलं की बाहेरून लागलेलं, हे आता कोर्टात कशावर सांगणार?" आठवडा गेला. चूक साधी होती, पण खऱ्या केसमध्ये दुसरी बरगडी मागायला जागा नसते.

दळताना द्रव नायट्रोजन वापरा. नाहीतर ग्राइंडर तापतो आणि दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा जळका वास सुटतो. तापल्यावर औषधही टिकेलच असं नाही. भुकटी मिथेनॉलमध्ये रात्रभर, नंतर शुद्धीकरण, मग एलसी-एमएस, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र. सोबत कोऱ्या, म्हणजे औषध नसलेल्या, हाडाचा नमुना हवाच.

डायझेपाम, मॉर्फिन हाडांत सापडू शकतात. दारूचं मात्र विचारू नका, कुजताना अल्कोहोल आपोआप तयार होतं. आपल्याकडे नेहमी विचारली जाणारी ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकं बहुधा विघटित झालेली असतात. आकड्याचाही भरवसा नाही: एकाच देहाच्या बरगडीत एक प्रमाण, मांडीत दुसरं, आणि त्यावरून रक्तातलं प्रमाण काढता येत नाही. म्हणून "आढळले" किंवा "आढळले नाही", इथेच थांबायचं.

त्या केसचा सीए रिपोर्ट, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा (रासायनिक विश्लेषकाचा) अहवाल, निघायच्या आधी तपास अधिकाऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, हाडात काही नाही ना? म्हणजे गोळ्या दिल्याच नव्हत्या?"

"तसं लिहिता येत नाही. एखादाच डोस दिला असेल तर हाडात दिसेलच असं नाही."

"मग साहेबांना काय सांगू?"

मी झुपक्याकडे पाहिलं. लांबी साधारण 12 सेंटीमीटर. केस महिन्याला अंदाजे 1 सेंटीमीटर वाढतात. म्हणजे वर्षभराचा हिशेब अजून तपासायचा बाकी होता.

"केसांचं काम उद्या लावते," म्हटलं, "सोमवारी फोन करा."