बाष्पीभवन मोजताना या चुका टाळा

शिरोळपासून गगनबावड्यापर्यंत शेतावर बसवलेली जी बाष्पीभवन पात्रे (ज्यांतील पाण्याची रोजची घट मोजून पिकाच्या पाण्याचा अंदाज घेतात ती पत्र्याची भांडी) पाहण्यात आली, त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत उपकरण चांगले आणि जागा वाईट असाच प्रकार होता. खरेदीच्या वेळी पत्र्याची जाडी तपासून घेणारी माणसे पात्र ठेवताना मात्र पाणी ओतायला सोपा म्हणून मोटारीच्या खोलीलगतचा कोपरा निवडतात.

करवीर तालुक्यातील एका आडसाली उसाच्या प्लॉटवर लागणीच्या वेळी पात्र बांधालगत बसवले होते आणि तेव्हा ते मोकळ्या हवेत होते, यात शंका नाही. एप्रिल उजाडेपर्यंत ऊस डोक्याच्या वर गेला, वारा अडला, सकाळ-संध्याकाळ सावली पडू लागली आणि ऊन वाढत असतानाही पात्रातील घट उलट कमी दिसू लागली. आकड्यांवर विश्वास ठेवून पाण्याच्या पाळ्या लांबवण्यात आल्या आणि दुपारी उसाच्या पानांची सुरळी होऊ लागली. त्यावर सर्वांनी दोष उपकरणाला दिला आणि नवे पात्र आणले. त्याच जागी ठेवल्यामुळे त्यानेही तेच सांगितले. शेवटी पात्र खुल्या गवताळ जागेत हलवले, तेव्हा कुठे आकडे ताळ्यावर आले. आजूबाजूचे पीक पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, त्याच्या दहापट अंतर मी सोडतो. त्यासाठी जागा वाया जाते अशी तक्रार असेल, तर पात्र न बसवलेलेच बरे. याउलट पात्राभोवती कोरडा मुरूम असेल, तर तापलेल्या हवेमुळे आकडा फुगतो.

दुसरी चूक गुणाकाराची आहे आणि ती कृषी पदवीधरही करतात. पात्रातील घट म्हणजे पिकाची गरज नव्हे. क्लास ए या ठरावीक मापाच्या प्रमाण पात्राचा गुणांक वारा, आर्द्रता आणि भोवतालची जमीन यांनुसार साधारण 0.35 ते 0.85 असतो, त्याने गुणल्यावर संदर्भ गवताचे बाष्पपर्णोत्सर्जन (म्हणजे जमिनीतून आणि पानांतून मिळून उडणारे पाणी) मिळते आणि त्यानंतर पिकाचा गुणांक लावायचा असतो. भर वाढीच्या उसासाठी तो सुमारे 1.25 धरला जातो. पात्रात 8 मिमी घट असेल आणि पात्र गुणांक 0.7 असेल, तर उसाची गरज 7 मिमी येते. घाईत मधली पायरी गाळली, तर 10 मिमी. हा 3 मिमीचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु 1 मिमी म्हणजे गुंठ्याला सुमारे 101 लिटर, त्यामुळे एकरी रोज 12 हजार लिटरांहून अधिक पाणी फुकट जाते आणि वर जमीन खराब होते ती वेगळीच.

पात्रावरील जाळी काढू नये. भारतीय प्रमाण पात्राला ती असतेच आणि तिच्यामुळे बाष्पीभवन उघड्या पात्रापेक्षा सुमारे 14 टक्के कमी होते. जाळी काढून जाळीच्या पात्राचा गुणांक वापरणे आणि वर कुत्र्या-कावळ्यांनी प्यालेले पाणीही बाष्पीभवनात मोजणे, हे दोन्ही मी पाहिले आहे.

शेवाळ आले की पाणी बदलावे, आठवड्याची वाट पाहू नये.

लायसीमीटरमधील, म्हणजे पिकाचा पाणीखर्च मोजण्यासाठी जमिनीत पुरलेल्या मातीच्या टाकीतील, ऊस बाहेरच्या उसापेक्षा उंच किंवा दाट असेल, तर त्याला बाजूनेही ऊन-वारा मिळतो आणि पाण्याचा खर्च वाढून दिसतो. निचऱ्यावर चालणाऱ्या लायसीमीटरकडून रोजचा आकडा मागणाऱ्यांना मी सरळ नकार देतो. तो आठवड्या-दहा दिवसांच्या ताळेबंदासाठी आहे.

हवामानाच्या नोंदींवरून संदर्भ गवताचे बाष्पपर्णोत्सर्जन काढणाऱ्या पेनमन-मॉन्टिथ सूत्रात 2 मीटर उंचीवरील वारा लागतो. 10 मीटरवरील नोंद आधी 0.75 ने गुणावी. मोबाइलवर दिसणारा तयार आकडा कोणत्या उंचीच्या वाऱ्यावरून काढला आहे, हे सांगता येत नसेल तर तो वापरू नये.

पावसाळ्यातील नोंदींचा हट्ट गगनबावड्यात तरी सोडावा, कारण पात्रातील घट काढताना पडलेला पाऊस हिशेबात धरावा लागतो. ज्या दिवशी 150 मिमी पाऊस पडतो, त्या दिवशी पर्जन्यमापकातील एक टक्क्याची चूकही 1.5 मिमी होते, म्हणजे जवळपास त्या ढगाळ दिवसाच्या बाष्पीभवनाइतकीच. शिवाय पात्र भरून वाहिले किंवा थेंब उडाले तर तोही हिशेब गेला. अशा दिवसापुढे मी वहीत आडवी रेघ मारतो आणि शून्य लिहीत नाही, कारण नंतर सरासरी काढणारा तो शून्य खरा मानून बेरजेत धरतो.