पैऱ्याची वही: स्वार्थावर परोपकार कितपत उभा राहतो

पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या: मजुरीऐवजी कामानं कामाची फेड. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसकडं सोयाबीनच्या भांगलणीला, म्हणजे तण काढायला, पैरा करायचा तर ५-६ घरंच घ्या. १० झाली की शेवटच्या रानाची पाळी येईपर्यंत तण गुडघ्याला लागतं, आणि तो माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

वही घाला. एका माणसाच्या दिवसाला एक रेघ, दुपारनंतर आला तर अर्धी. शाळकरी पोरगं पाठवलं तर किती धरायची हे आधीच ठरवा. भांडणं तिथंच लागतात.

पहिल्या दिवशी आपण होऊन जा. कुणी दांडी मारली तर त्याच्या पाळीला तुम्हीही जाऊ नका. त्यानं भरपाई केली की विषय संपला, मागचं उकरायचं नाही. १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं, दर खेपेला साथ द्यायची की दगा हे ठरवणाऱ्या डावांची संगणकावर स्पर्धा घेतली; तीत अनातोल रॅपोपोर्ट या अभ्यासकाचा हाच डाव जिंकला: आधी साथ द्यायची, मग समोरचा करील तसं.

हे चालतं ते पुन्हा गाठ पडणार म्हणून. ज्याचं रान आधी उरकलं त्याला पुढं यायचं कारण उरत नाही. त्यामुळं हळद काढणीपर्यंत तीच वही चालवा आणि पाळी उलटी फिरवा.

परतफेडीला माणूसच नसलेली एकटी म्हातारी मात्र या हिशेबात बसत नाही. ‘गेलं की नाव होतं’ म्हणाल, पण कुणी बघत नसताना जाणाऱ्याचं काय? तेही स्वार्थातच ओढूनताणून बसवलं तर त्या शब्दाला अर्थ राहत नाही. तिच्या रानासाठी अर्धा दिवस सुरुवातीलाच बाजूला काढा, रेघ न ओढता.